तात्पुरते वडील

"पडलेला माणूस चौथ्या पानावर उठायलाच हवा," सरांचा मॅनेजर तिला फोनवर सांगत होता. "पाचव्यावर उठला की वाचक झोपला म्हणून समजा."

*

तिच्या लहानपणी टॉवेल कितीही धुतले तरी क्लोरिनचा वास जात नसे. टॉवेल, उशांचे अभ्रे, वडिलांच्या मिशा. घरात सगळ्याला तोच वास.

*

आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालताना तिला "वर बघ" म्हणावं लागतं. "वर काय ठेवलंय?" म्हणत ती नेमकी खाली बघते आणि थेंब गालावर.

*

"दार नेहमी आतून उघडतं." यशावर व्याख्यानं देणाऱ्या सरांचं हे वाक्य छापलेले कप विकत मिळतात. तिच्या खोलीचं दार फुगलंय. आतून कितीही ओढलं तरी बाहेरून कुणी लाथ घातल्याशिवाय ते उघडत नाही.

*

"राग मानू नका, ताई," प्रकाशन संस्थेतल्या संपादकबाई म्हणाल्या. "लिखाण स्वच्छ आहे तुमचं. पण ती काठीची गोष्ट सरांच्या पुस्तकातली आहे ना? जशीच्या तशी? वाचक एवढे भोळे राहिले नाहीत हो आता."

*

काठीची गोष्ट तिच्या वडिलांची होती. पुस्तक सरांचं होतं. आणि सरांचं ते पुस्तक तिनं लिहिलं होतं.

सरांची सगळीच पुस्तकं ती लिहिते. धंदा कसा वाढवावा, समाज असा का वागतो, खेळाडू हरल्यावर काय करतात, सकाळी उठून स्वतःला काय सांगावं. सर गाडीत बसून फोनमध्ये बोलतात. अर्धं वाक्य यशाबद्दल, अर्धं ड्रायव्हरला डावीकडे घे म्हणून. मॅनेजर ते रेकॉर्डिंग तिला पाठवतो आणि ती त्याचं प्रकरण करते. मुखपृष्ठावर सर हाताची घडी घालून उभे असतात. आत कुठेही तिचं नाव नसतं, नसावं असंच ठरलंय. ऑफिसात पाहुणे आले की सर तिच्याकडे बोट करून म्हणतात, "आणि हे आमचं पेन." पाहुणे हसतात. तीही हसते, पेनाचं टोपण उघडावं तेवढी.

आईला एवढंच माहीत होतं, की लेक एका मोठ्या माणसाचं टायपिंग करते.

*

खेळावरच्या पुस्तकाच्या वेळी मॅनेजरचा फोन आला होता.

"सरांच्या बालपणातली एक गोष्ट लागेल. पाण्याची असली तर उत्तम."

"पाण्याचीच का?"

"मुखपृष्ठावर सरांच्या मागे लाट आहे. छापून झालंय."

तिनं सरांना विचारलं. सरांचे वडील फरशांचे व्यापारी होते, कडक होते, आता नाहीत. यापुढे सरांकडे काही नव्हतं. "आठवून सांगतो," म्हणाले आणि दौऱ्यावर गेले.

या कामात एक सवय लागते. जागा रिकामी ठेवायची नाही. खरी गोष्ट हाती येईपर्यंत कुठली तरी दुसरी तिथे घालून ठेवायची, म्हणजे प्रकरणाची लांबी कळते, धडा कुठे येणार ते दिसतं. तिनं हाताशी होती ती घातली. वर पिवळ्या रंगात लिहिलं: तात्पुरतं, बदलायचंय.

घातलेली गोष्ट अशी. वडील सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवत. पोर पाण्यात आणि वडील काठावरून चालत, हातात बांबूची लांब काठी. काठीचं टोक पोराच्या हातापासून हातभर पुढे. टोक धरायला पोर हात मारी, की वडील एक पाऊल सरकत. पोर रडे, शिव्या देई, पुन्हा हात मारी. असं करत करत तलाव संपे. मग काठी खाली ठेवून वडील विचारत, "पाणी कसं आहे आज?"

ती स्वतः अशीच शिकली. पलीकडची कड हाताला लागली तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं आणि तिला बापाचा इतका राग आला, की रडायचं राहूनच गेलं.

सरांनी प्रकरण वाचलं. पिवळी ओळ त्यांनीच खोडली.

"हेच," ते म्हणाले. "मला हेच म्हणायचं होतं."

*

पुस्तक चाललं ते काठीमुळे. सुरुवातीला व्यासपीठावर 'माझे वडील' म्हणताना सर किंचित अडखळत. पुढे अडखळणं गेलं. त्याच्याही पुढे, 'पाणी कसं आहे आज' म्हणताना त्यांचे डोळे भरून येऊ लागले. ते नाटक नव्हतं. तिनं जवळून पाहिलंय.

एकदा दादाकडे जेवताना ती पुतणीला सांगायला गेली, "तुझे आजोबा ना, काठावरून चालायचे, हातात अशी लांब..."

"आत्या, हे सरांचं आहे," पुतणी म्हणाली. "आम्हाला शाळेत व्हिडिओ दाखवला होता. ढापू नकोस हं."

दादा ताटात बघत राहिला. त्याला पोहायला वडिलांनीच शिकवलं होतं. तो काही बोलला नाही, कारण बोलायचं तर बहिणीचं काम कसलं ते सांगावं लागलं असतं, आणि ते कुणाला सांगायचं नाही असं तिनंच त्याला बजावलं होतं.

*

*करून पाहा:* आपल्या वडिलांबद्दल पाच वाक्यं लिहा. त्यातलं एकही आधी छापून आलेलं नको.

*

तिनं करून पाहिलं. रविवारी रविवारी बसून एक लहानसं पुस्तक लिहिलं, स्वतःच्या नावाचं. त्यात कुणी चौथ्या पानावर उठत नव्हतं. तलाव होता, वडील होते, क्लोरिन होतं. ते संपादकबाईंकडे पाठवलं आणि त्यांचा तो फोन आला. 'वाचक एवढे भोळे राहिले नाहीत हो आता.'

"काठी काढून टाकली तर?" बाईंनीच सुचवलं.

तिनं काढून पाहिली. काठी गेल्यावर वडील नुसतेच उभे राहिले. चालायला त्यांना कारणच उरलं नाही.

"मग त्यांच्या पुस्तकातून जाऊ दे," बाई म्हणाल्या. "तिकडून गेली, की आमच्यात येऊ द्या. मला काय!"

ते शक्य होतं. खेळाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. ती मॅनेजरकडे गेली. मॅनेजर नेहमीप्रमाणे दोन फोनांच्या मध्ये होता.

"नव्या आवृत्तीत काठी काढू या," ती म्हणाली. "दुसरी देते. याहून चांगली."

"कुठली?"

"देते ना."

"तुमची गोष्ट म्हणजे चांगलीच असणार." त्यानं मान खाजवली. "खरं सांगू? सरच कंटाळलेत त्या काठीला. हल्ली सांगतही नाहीत. काढू. परवाचा प्रकाशन समारंभ एकदा पार पडू दे, मग बसून काढू."

ती जिना उतरताना गाणं गुणगुणत होती. वॉचमननं चमकून पाहिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

*

समारंभ धंद्यावरच्या नव्या पुस्तकाचा होता. विषय माल, गिऱ्हाईक, स्पर्धा. त्यात वडील कुठेच येत नव्हते; भाषण तिनंच लिहिलं होतं. म्हणून तर आईला नाही म्हणायला या वेळी तिच्याकडे काही सबब उरली नाही.

"इतकी वर्षं टायपिंग करतेस त्या माणसाचं," आई म्हणाली, "माणूस काळा की गोरा मला ठाऊक नाही. एकदा बघू तरी."

"काय बघायचंय त्यात? खुर्चीत बसून बसून पाठ दुखेल तुझी."

"घरी काय नाचत असते मी?"

सभागृहात खुर्च्यांना पांढरी कव्हरं होती आणि एसी इतका, की आईनं शाल डोक्यावरून घेतली. सर छान बोलले. जिथे टाळ्या यायला हव्या होत्या तिथे आल्या. आई तिच्या कानाशी लागून म्हणाली, "दिसायला बरा आहे गं. मला वाटलं टकला असेल."

मग माइक श्रोत्यांत फिरू लागला. मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "सर, ती काठीची सांगा ना!"

टाळ्या. सरांनी हात हलवला. "जुनी झाली हो ती."

आणखी टाळ्या. सर हसले. माइक स्टँडवरून काढला आणि व्यासपीठाच्या कडेनं चालायला लागले.

तिनं स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. उठावं, आईला बरं वाटत नाही म्हणावं, निघावं. रांग चिंचोळी होती आणि दोन्ही बाजूंना माणसं पाय पसरून बसली होती. सर एक पाऊल टाकत, हातात नसलेली काठी पुढे करत, थांबत. आई शाल डोक्यावरून काढून ताठ बसली. शेवटी सरांनी विचारलं, "पाणी कसं आहे..." आणि सगळं सभागृह त्यांच्याबरोबर म्हणालं, "आज?"

आईनं चष्मा काढला. शालीच्या टोकानं पुसला. परत लावला आणि सरांकडे बघत राहिली.

"चल आई. बस जाईल आपली."

"थांब. सही घ्यायचीय."

"कसली सही? पुस्तक कुठंय तुझ्याकडे?"

"मग घे एक."

*

सह्यांच्या रांगेत ती आईबरोबर उभी राहू शकत नव्हती. पेनानं लोकांत सरांजवळ दिसायचं नाही, हा नियम होता. ती बाजूच्या खांबाला टेकून थांबली, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"नाव काय लिहू, आजी?"

"नाव राहू दे. एक विचारू का?"

मॅनेजरनं आईच्या मागे लांबलेल्या रांगेकडे पाहिलं. सरांनी मात्र पेन खाली ठेवलं. माणसांशी बोलणं त्यांना खरोखर आवडायचं.

"विचारा ना."

"तुमच्या वडिलांना... शेवटी काय झालं होतं?"

हे पुस्तकात नव्हतं. सर क्षणभर थांबले. तिला वाटलं, आता ते फरशांच्या व्यापाऱ्याबद्दल काहीतरी सांगतील. पण सरांचा चेहरा मऊ झाला आणि ते हळू आवाजात म्हणाले, "शांतपणे गेले, आजी. घरीच होते. सकाळची वेळ. आई उशाशी बसली होती. त्यांचा हात तिच्या हातात होता. डोळे मिटलेले. म्हणाले, 'पाणी कसं आहे आज?' आई म्हणाली, 'छान आहे.' बस. तेवढंच."

रांगेतली एक मुलगी नाक ओढत होती.

"हात हातात होता?" आईनं विचारलं.

"हो."

"कुठला?"

सर गोंधळले नाहीत. "उजवा."

आईनं मान हलवली, दुकानदारानं अचूक माप दिल्यावर हलवावी तशी. मग टेबलावरून वाकून तिनं सरांच्या गालाला हात लावला.

"बरं झालं," ती म्हणाली. "फार बरं झालं. जपून राहा हो."

*

बसमध्ये आईला खिडकी मिळाली.

"तू टायपिंग करत नाहीस," आई म्हणाली.

"नाही."

"मग तसं सांगायचं. मी काय कुणाला सांगत फिरणार होते?"

"रागावलीस?"

"रागावणार नाही तर! बांबू कुठनं आणलास तू?"

"काय?"

"'बांबूची लांब काठी' म्हणाला तो. बांबू कुठला? पडद्याचा दांडा होता तो. आपल्या पुढच्या खोलीतला. काढून घेऊन गेले आणि माझा पडदा वर्षभर सुतळीवर."

"पडद्याचा दांडा छापून बरा दिसला नसता, आई."

"मला सुतळी बरी दिसत होती का?"

दोघी हसल्या. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागे वळून पाहिलं. हसणं संपल्यावर ती म्हणाली, "ते शेवटचं मी लिहिलेलं नाही. ते त्यांनी तिथल्या तिथे केलं."

"मला काय सांगतेस? मला माहीत नसणार तर कुणाला?"

"मग मान कशाला डोलवत होतीस?"

आईनं खिडकीची काच बोटानं पुसली. बाहेर दुकानं बंद होत होती.

"उजवाच धरला असता मी," ती म्हणाली. "डाव्याला सुई होती."

*

सकाळी मॅनेजरचा फोन.

"अहो, काल कमाल झाली! एका आजीनं सरांना असा प्रश्न विचारला, सर घरी जाईपर्यंत गाडीत तेच बोलत होते. आपण काठी काढत नाही आहोत. उलट वाढवतोय. वडिलांचा शेवट, एक पान, प्रकरणाच्या अखेरीस. रेकॉर्डिंग पाठवलंय बघा."

"काढायचं ठरलं होतं आपलं."

"ठरलं म्हणजे, बोलणं झालं होतं."

"हे पान मी लिहिणार नाही."

तिनं हे याआधी कधी म्हटलं नव्हतं. सरांच्या निदान तीन पुस्तकांत 'नाही' म्हणायला शिका असं प्रकरण होतं आणि ती तिन्ही तिनंच लिहिली होती. नाही म्हटल्यावर समोरचा आधी गप्प होतो, मग तुमचा आदर करू लागतो, असं त्यांत होतं.

"बरं," मॅनेजर म्हणाला. आवाजात काहीच फरक नव्हता. "नका लिहू. नवीन एक जण घेतलाय आपण, हात चांगला आहे त्याचा. तो करेल. सर तर आता हे सगळीकडे सांगणारच. तुमच्या हातचं झालं असतं तर सूर जुळला असता, एवढंच. बाकी सगळं ठीक ना?"

"ठीक."

फोन ठेवला. नाही म्हणून झालं होतं आणि कुणाचं काहीही अडलं नव्हतं.

*

आई पलंगावर बसून मटार सोलत होती. तिनं आईला सगळं सांगितलं. पुस्तकाचं, संपादकबाईंचं, काठी काढायचं कसं ठरत आलं होतं ते. आता काठी निघणार नाही. म्हणजे वडील तिकडेच राहणार आणि रविवारचं पुस्तक कपाटात.

"मी विचारलं म्हणून?" आईनं विचारलं.

"तसं नाही."

"तसंच आहे." आईच्या हातातली शेंग उघडायची राहिली. "मला काय माहीत गं! तो इतकं छान सांगत होता. मला वाटलं, पुढचंही याला माहीत असेल."

तिनं ती शेंग सोलली, मग आणखी दोन.

"तो नवा आहे, त्याला काय माहीत?" आई म्हणाली. "तो बोटं कशी लिहील?"

"कुठली बोटं?"

"यांची. पाण्यानं सुरकुतलेली. नोकरी संपली तरी सरळ झाली नाहीत ती. हात हातात घेतला तर आधी बोटंच लागणार ना हाताला?"

"आई, ते सगळं खोटं आहे."

"बरं. तुझ्या पुस्तकात आहे का खरं? शेवट कसा झाला ते?"

नव्हतं. तिचं पुस्तक तलावावरच संपत होतं, वडील काठी खाली ठेवतात तिथे. पुढे तिनं बरेचदा लिहायला घेतलं होतं. दर वेळी दोन ओळी लिहून पुसल्या होत्या.

"नाही," ती म्हणाली.

"का नाही?"

तिनं एक मटार तोंडात टाकला.

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "लिही तू. दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. त्याला फोन कर आणि सांग लिहिते म्हणून."

मॅनेजरनं फोन पहिल्या रिंगला उचलला. "वाटलंच मला," म्हणाला.

*

आई मटारची पाटी बाजूला सारून तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. आतापर्यंत कुणीच तिला लिहिताना असं पाहत बसलं नव्हतं.

"खिडकी उघडी घाल."

"सरांनी खिडकी सांगितलेली नाही."

"उघडी होती. आणि मी उशाशी. पाय वर घेऊन बसले होते, दुखत होते म्हणून."

"आई, इथे 'मी' नाहीये. सरांची आई आहे."

"हो गं, तीच. तिचेही दुखत असतील."

तिनं खिडकी घातली. बोटं घातली. चादरीला क्लोरिनचा वास घातला, तेव्हा आई म्हणाली, "शाबास." कुठल्या शब्दावर सभागृह गप्प होईल, कुठे सर थांबतील, कुठे मागच्या रांगेतली बाई रुमाल काढेल, सगळं तिला कळत होतं आणि हात थांबत नव्हता. वर्षानुवर्षं दोन ओळींच्या पुढे न सरकलेलं ते पान तासाभरात भरलं. चांगलं झालं होतं. रविवारच्या पुस्तकातल्या कुठल्याही पानाहून चांगलं.

"वाच."

तिनं वाचलं. आई डोळे मिटून ऐकत होती.

"त्यांनी विचारल्यावर मी काय म्हणाले?"

"'छान आहे.'"

"हं. बरोबर. परत वाच."

तिनं परत वाचलं. मग परत. चौथ्यांदा वाचून झाल्यावर आई उठली आणि मटारची पाटी उचलून आत निघाली.

"पाठव आता," दारातून ती म्हणाली. "माझ्या हातात हात आहे तेवढंच ठेव. बाकी त्याला काय बदलायचं ते बदलू दे."

तिनं पाठवलं.

वडिलांचा जीव दवाखान्याच्या लिफ्टमध्ये गेला. स्ट्रेचर आणि दोन वॉर्डबॉय आत गेल्यावर आणखी कुणाला जागा नव्हती, म्हणून आई जिन्यानं वर आली.